हात वर म्हणजे बाद

तो थेट तिच्यासमोर येऊन उभा राहिला, उजवा हात डोक्याच्या वर धरून, आणि म्हणाला, "मी बाद."

ती गुडघ्यांवर बसून वेगमापकाचे स्क्रू सोडवत होती. तिने वर पाहिलं. चेहऱ्यावर काळा मास्क, हातात जुनाट दिसणारी बंदूक, आणि डाव्या गुडघ्यावर बशीएवढा पिवळाधमक रंग.

"बरं मग?" ती म्हणाली.

"मग... काही नाही. सांगायचं असतं."

"मला?"

"पंचांना. पण पंच तिकडे स्वतःची शिट्टी शोधतायत. आणि नारिंगी जाकीट तुमच्या अंगावर आहे."

जाकीट तिला फाटकापाशी चढवण्यात आलं होतं, कोणी चुकून गोळी मारू नये म्हणून. "मी पंच नाही," ती म्हणाली. "मी माप तपासायला आलेय. तुमच्या गोळ्या किती वेगाने जातात त्याचं."

"माझी एकच जाते," तो म्हणाला. "तीही बहुतेक चुकते."

मग त्याने मास्क काढला. केस कपाळाला चिकटलेले, गालांवर मास्कच्या कडेचे वळ, आणि नजर... नजर तिच्यावरून सरळ वेगमापकावर गेली, जशी काही ती तिथेच जायला निघाली होती. हात मात्र अजून वरच होता.

"आता खाली केलात तरी चालेल," ती म्हणाली.

"हो का," म्हणून त्याने तो घाईघाईने खाली घेतला, आणि बंदुकीची नळी स्वतःच्याच नडगीवर आपटून घेतली.

दुसऱ्यांची मापं बरोबर आहेत का, हे मापणं तिची नोकरी होती. दवाखान्यांचे थर्मामीटर, औषधवाल्यांचे तराजू, पाण्याचे मीटर. सगळं तिच्या टेबलावरून जायचं आणि एक सही घेऊन परत जायचं. या पेंटबॉलच्या मैदानाचं काम तिच्याकडे आलं ते वहिनीमुळे. दादाची बायको आणि घरातलं एकमेव वादळ. वहिनी दर आठवड्याला इथे खेळायची, आणि विम्यासाठी वेगमापकाचं प्रमाणपत्र हवंय असं कानावर पडताच तिने परस्पर सांगून टाकलं होतं, "आमच्या घरात आहे की एक फूटपट्टी!" तेव्हापासून मैदानावर सगळे तिला फूटपट्टीच म्हणत.

त्यालाही नाव मिळालेलं होतं. एकगोळी. तो पेशाने कवळ्या बनवायचा, माणसांचे गेलेले दात मेणात आणि मग पक्क्या मालात परत उभे करायचा, आणि रविवारी सकाळी पंपाची बंदूक घेऊन यायचा. पंपाची म्हणजे दर वेळी दांडा मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, तेव्हा रंगाची एक गोळी सुटणार.

मैदानाची मालकीणच तिथली पंच होती, पूर्वी शाळेत खेळ शिकवायची. तिला सगळे शिट्टीबाई म्हणत. पहिल्याच दिवशी तिने फूटपट्टीला समोर बसवून सगळा इतिहास ऐकवला.

"पूर्वी सगळ्यांकडे पंपाच्याच असायच्या. माणूस अर्धा अर्धा तास टायरमागे पोटावर पडून राहायचा. गोळी लागून फुटली की स्वतः हात वर करायचा. हात वर म्हणजे बाद. मग लागली असो, नसो, लाज वाटून केलेला असो, वर गेलेला हात खाली येत नाही. कोणी बघितलं का, हा प्रश्नच नव्हता गं."

"आणि आता?"

"आता बॅटरीच्या आल्या. सेकंदाला पंधरा गोळ्या. एक लागली हे कळायच्या आत आणखी आठ लागतात. अंग काळंनिळं होतं, डोकं फिरतं, आणि मग सुरू होते पुसापुशी." शिट्टीबाईने बाहीने दंड पुसून दाखवला, इकडेतिकडे बघत, अगदी चोरासारखा. "रंग पुसायचा आणि खेळत राहायचं. आणि विचारणं तर गेलंच."

"विचारणं?"

"समोरचा दहा पावलांच्या आत सापडला की गोळी मारायची नाही. विचारायचं, 'मानता का?' त्याने 'मानलं' म्हटलं की तो बाद. नाहीच मानलं, तर मग गोळी. जखम नाही, रंग नाही. आता कोण विचारतंय? फक्त माझी रविवारची नऊ ते दहाची मंडळी. आठ-नऊ जुनी खोडं आणि तो एकगोळी."

वेगमापकात दोष होता, तो तिने तासाभरात काढला. काम संपलं. पण ऑफिसात तिने सांगितलं, यंत्रावर काही आठवडे नजर ठेवावी लागेल. स्वतःलाही तिने हेच सांगितलं, आणि पुढचे सहा रविवार ती नऊच्या ठोक्याला पेटी घेऊन हजर राहिली.

या सहा रविवारांत गोंधळ वाढतच गेला.

तो तिच्यासाठी सावलीतलं स्टूल राखून ठेवायचा. पण ते शिट्टीबाईसाठीही ठेवायचा. एकीलाच दिलेलं स्टूल म्हणजे काहीतरी. दोघींना दिलेलं म्हणजे संस्कार. तिच्या पेटीच्या कोपऱ्याला चीर गेली होती. एका रविवारी त्याने खिशातून कवळ्यांचं गुलाबी मेण काढलं, बोटांनी मऊ केलं आणि ती चीर इतकी सफाईने बुजवली की पेटीला नवी हिरडी आल्यासारखी वाटली. पण त्याच मेणाने त्याने मैदानाच्या नळाची गळतीही थांबवली होती. तो बोलायचा मोजकंच. हसायचा, पण हसू बाहेर यायच्या आधी मास्क खाली ओढायचा.

एका मोजमापावर ती कधी विसंबली नव्हती. इथे सहा हातात होती आणि सहाही वेगळीच!

"काय गं फूटपट्टी," रात्रीच्या भांड्यांवर पाणी सोडत वहिनी विचारायची, "आज किती फूट अंतर होतं?"

"वहिनी!"

"दोन की अडीच?"

"तो सगळ्यांशीच चांगला वागतो."

"अगं, मग तू तरी त्याच्याशी वाईट वाग. काहीतरी फरक पडू दे!"

वहिनीचा सल्ला तिने मानला नाही, पण एकदा बोलायचं म्हणून फार बोलली. तो बाकावर बसून नळी पुसत होता. तिच्या तोंडून सुरूच झालं, "तुमच्या बंदुकीत वायूची जी छोटी नळकांडी असते ना, ती तापली की आतला दाब वाढतो. म्हणजे गोळीचा वेगही वाढतो. सावलीत सेकंदाला दोनशे सत्त्याहत्तर फूट असेल, तर कडक उन्हात ती आपल्या दोनशे ऐंशीच्या मर्यादेच्या वरसुद्धा जाईल. बॅटरीच्या बंदुकांत दाब धरून ठेवणारी झडप असते. तुमच्यात नाही..."

"हं," तो म्हणाला आणि नळीत फुंकर मारून आरपार बघू लागला.

त्या 'हं'चा तिला चार दिवस राग होता. पाचव्या दिवशी तिने तोच 'हं' आरशासमोर उभी राहून म्हणून पाहिला, तीन वेगवेगळ्या सुरांत. अर्थ कळला नाही तो नाहीच.

सातव्या रविवारी शिट्टीबाईने सगळ्यांना जमवलं. तिच्या हातात वही होती आणि तोंड पडलेलं होतं.

"बॅटरीवाल्यांना नऊ ते दहाचा तास हवाय. वाढदिवसांच्या टोळ्या येतात, त्यांना सकाळच सोयीची पडते. मला कोणाला नाही म्हणता येत नाही. तेव्हा खेळूनच ठरवा. पुढच्या रविवारी, पाच विरुद्ध पाच. पंपवाले जिंकले तर तास तुमचा. हरले तर... तुमच्या बंदुका भिंतीवर छान दिसतील."

बॅटरीवाल्यांची कप्तान अर्थातच वहिनी. "मन घट्ट कर हं फूटपट्टी," ती घरी जाताना म्हणाली. "मी नातं बघून खेळत नाही."

फूटपट्टी पेटी उचलून तिच्या मागून चालू लागली. तास गेला तर तिचं इथे येणं संपणार होतं. यंत्र ठीक होतं, प्रमाणपत्र देऊन झालं होतं. कवळ्या बनवणाऱ्या माणसाला रस्त्यात गाठून बोलायला तिच्याकडे दुसरं काय कारण होतं? तिचे दात तर सगळेच्या सगळे शाबूत होते.

सामन्याच्या दिवशी सकाळभर आभाळ होतं. अकरा वाजता छपराखाली तिने दहाही बंदुका तपासल्या. त्याची शेवटची. तो दांडा ओढायचा, गोळी सुटायची, ती आकडा लिहायची. दोनशे सत्त्याहत्तर, दोनशे शहात्तर, दोनशे सत्त्याहत्तर.

"ठीक आहे?" त्याने विचारलं.

"ठीक आहे," ती म्हणाली. आणि मग, का कोण जाणे, "जिंका."

तो मास्क ओढायचा विसरला. हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, चांगलं दोन-तीन सेकंद. मग शिट्टी वाजली.

खेळ सुरू झाला तसे ढग पांगले आणि ऊन लख्ख पडलं. रबरी टायर तापले, रंगाचा गोडसर वास सुटला. बॅटरीच्या बंदुका पाऊस पाडत होत्या. पंपवाले चौघे अर्ध्या तासात हात वर करून बाहेर आले. कोणी गुडघा धरून, कोणी हसत. पण जाताना त्यांनीही चौघे टिपले होते. उरले दोघे. वहिनी आणि एकगोळी.

शिट्टीबाईने त्या दिवशी तिलाच कडेची पंच केलं होतं, आणि ती नारिंगी जाकिटात उभी होती. वहिनी पिंपामागे दबून डावीकडे बघत होती. आणि तो उजवीकडून, गवतातून, एकेक कोपर पुढे टाकत येत होता. वीस पावलं. बारा. पाच. तो वहिनीच्या पाठीमागे उठून उभा राहिला. बंदूक रोखलेली, दांडा ओढलेला.

"मानता का?" त्याने विचारलं.

वहिनी दचकली आणि गर्रकन वळली. मानणं तिच्या रक्तात नव्हतं. वळता वळताच तिने घोडा दाबला. पहिल्या पाच-सात गोळ्या जमिनीत गेल्या, नळी वर येत होती. त्याला एवढंच करायचं होतं की बोट दाबायचं. इतक्या जवळून त्याची एक गोळीसुद्धा चुकली नसती.

त्याने बंदूक खाली केली, कडेला उभ्या असलेल्या तिच्याकडे पाहिलं आणि हात वर केला.

"बाद," तो म्हणाला.

ती धावत गेली. पंचाचं काम म्हणून तिने त्याला पुढून, मागून, बाहीखालून, टाचेपर्यंत तपासलं. रंगाचा एक ठिपका नव्हता.

"तुम्हाला लागलेली नाही," ती हळू म्हणाली.

"हात वर गेलाय."

"पण का?"

त्याने शिट्टीबाईकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं, जमलेल्या माणसांकडे पाहिलं. "गेला," एवढंच म्हणाला. बंदूक टेबलावर ठेवली, सगळ्यांना "येतो" म्हणाला, आणि गेला.

त्या संध्याकाळी घरात दोन मतं होती. वहिनीचं मत, "तुला बघून हात केला वेड्याने. भान सुटलं. जिंकले मी, पण मजा नाही आली बघ." आणि दादाचं मत, पेपरामागून, "कंटाळला असेल खेळाला."

तिला तिसरंच वाटत होतं आणि ते सगळ्यात वाईट होतं. तास टिकला असता तर फूटपट्टी दर रविवारी आली असती. त्याला ते नको असेल. बिचारा तोंडावर सांगू शकत नव्हता, म्हणून हरला. हे इतकं बरोबर बसत होतं की तिने तीन दिवस त्याची दुसरी बाजू तपासलीच नाही.

गुरुवारी एका दवाखान्याच्या फ्रिजचा थर्मामीटर तिच्या टेबलावर आला. तिने फॉर्म ओढला. तारीख, वेळ, खोलीचं तापमान. पेन तापमानाच्या रकान्यावर टेकलं, आणि तिथेच थांबलं.

सामन्याचा फॉर्म तिने फाइलमधून काढला. दहा बंदुका, तीस आकडे, सही. तापमानाचा रकाना कोरा होता. सात वर्षांच्या नोकरीत तिने एक रकाना कोरा सोडला नव्हता. थर्मामीटर त्या दिवशी पेटीतून बाहेरच आला नव्हता.

तिने अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली.

त्याची बंदूक मैदानावरच पडून होती. "घेऊन तरी जायची होती त्याने," शिट्टीबाई म्हणाली. फूटपट्टीने ती भर दुपारी टायरवर ठेवली, बरोबर अर्धा तास, सामना चालला होता तेवढाच. मग वेगमापकासमोर धरली, दांडा ओढला, सोडला. पुन्हा. पुन्हा.

दोनशे नव्वद. दोनशे ब्याण्णव. दोनशे एक्याण्णव.

"काय गं, काय झालं?" शिट्टीबाईने विचारलं. "रडतेस की हसतेस?"

"त्यांचा पत्ता द्या," ती म्हणाली.

कवळ्यांचं दुकान म्हणजे एकापाठी एक दोन खोल्या. पुढच्या खोलीत बाकावर एक काका बसले होते, तोंड आत गेलेलं, हातात रिकामा डबा. मागच्या खोलीत घासायचं चाक फिरत होतं. भिंतीभर फळ्या, फळ्यांवर प्लास्टरचे जबडे, आणि प्रत्येक जबडा हसत होता. सगळीकडे पांढरी धूळ. त्याच्या भुवयांवरसुद्धा.

"दोनशे एक्याण्णव," ती दारातूनच म्हणाली.

चाक थांबलं. त्याने तिच्या हातातली कापडी पिशवी पाहिली, पिशवीतून बाहेर आलेली नळी पाहिली.

"मला आवाजावरून दोनशे पंच्याऐंशीच वाटलं होतं," तो म्हणाला.

"आवाजावरून?"

"त्याच्या आधीची गोळी सुटली ना, तिचा आवाज जरा कडक आला. आणि दांडा हाताला चटका देत होता. तुम्ही म्हणाला होतात, तापली की वेग वाढतो. वहिनी पाच पावलांवर होत्या, मास्कच्या खाली गळा उघडा... मर्यादेच्या वरची बंदूक घेऊन मैदानात उभं राहणारा बादच असतो. मग काय, हात वर."

"मी सांगितलं तेव्हा तुम्ही नुसतं 'हं' म्हणालात."

"ऐकत होतो म्हणून. ऐकताना मला तेवढंच जमतं."

तिने पिशवी टेबलावर ठेवली. "मग तिथेच का नाही सांगितलंत? सगळ्यांसमोर?"

"सांगितलं असतं तर सगळ्यांनी तुमच्याकडे बघितलं असतं." त्याने चाकावरची धूळ बोटाने पुसली, पुन्हा पुसली. "तपासणी तुमची होती."

तिला काहीतरी नीटनेटकं बोलायचं होतं. बसमध्ये तिने वाक्यं जुळवून ठेवली होती. ती सगळी गेली.

"तापमान मी लिहिलंच नाही," ती म्हणाली. "चूक माझी होती. माझं लक्ष नव्हतं."

"कुठे होतं?"

पुढच्या खोलीत काका खोकले.

"तुमच्याकडे," ती म्हणाली. एकदा सुटलेलं मागे घेता येत नाही, तेव्हा तिने बाकीचंही सांगून टाकलं. "आणि मला वाटलं, तुम्ही मुद्दाम हरलात. तास गेला की मी यायची थांबेन म्हणून."

"मी?" तो इतका दचकला की एक प्लास्टरचा जबडा फळीवरून पडता पडता त्याने झेलला. "अहो, त्या वेगमापकावर तुम्हीच चिठ्ठी चिकटवलीत ना? 'पुढील तपासणी एक वर्षाने.' मी ती दुसऱ्याच रविवारी वाचली. तेव्हापासून डोक्याचा भुगा झालाय. यंत्र ठीक आहे, चिठ्ठी ठीक आहे, मग या कशाला येतात? घरी येऊन विचार करायचो. कामासाठी येत असतील. वहिनींसोबत येत असतील. शिट्टीबाईंचा चहा आवडत असेल..."

"तो फार वाईट असतो."

"तेच! म्हणूनच तर कळेना!"

"विचारायचं होतंत."

"विचारणार होतो. पण माझ्याकडे एकच गोळी असते. चुकली असती म्हणजे?"

ती हसली. तोही हसला, आणि ओढायला मास्क नव्हता म्हणून ते हसू त्याला तसंच चेहऱ्यावर ठेवावं लागलं. भिंतीवरचे सगळे जबडे आधीपासूनच हसत होते.

"तास तर गेला," ती म्हणाली. "निकाल तोच राहणार. मी शिट्टीबाईंना खरं सांगणार आहे, पण निकाल तोच."

"राहू दे. बरोबरच आहे तो." त्याने हात ॲप्रनला पुसले आणि अधिकच पांढरे केले. "पण रविवारी नऊ वाजता मी मोकळा आहे आता. म्हणजे तुम्ही जर... तू जर... म्हणजे तुम्ही मोकळी... मोकळ्या..."

"अले, तू म्हण की शलळ!" पुढच्या खोलीतून काका कडाडले. "आणि आधी माझे दात दे. जेवायचंय मला."

तो लाल होत धावला. फळीवरून एक डबी उचलली, कवळी धुतली आणि काकांच्या हातात ठेवली. काकांनी ती तोंडात बसवली. जबडा डावीकडे फिरवला, उजवीकडे फिरवला. मग कवळी बाहेर काढून डोळ्यांजवळ धरली.

"ही बाईची आहे ले!"

त्याने डबीवरचा नंबर वाचला. पुन्हा वाचला. "आजवर असं कधी..." तो पुटपुटला. "माझं लक्ष..."

"'तू' चालेल," फूटपट्टी म्हणाली.